दाढ

खानापूरला, कौलांच्या भट्टीमागं
माती काढता काढता
निंगव्वाच्या कुदळीला लागली ती.
आधी वाटलं खडा, मग शिंपला.
तिनं थुंकी लावून पदरानं पुसली
आणि म्हणाली, "हल्लु."
मी म्हटलं, "दाढ. बैलाची."
एका वस्तूला दोघींनी दोन नावं दिली
आणि परत पाट्या उचलल्या.

मुकादम म्हणाला, फेका, कौलात गेली तर तडा जाईल.
मी ती तंबाखूच्या डबीत टाकली.
वर्षभर चुन्याच्या पुडीशेजारी
गप्प बसली.

मग मिस रेबेलो आल्या, नदीकाठचे थर मोजत.
जेवणाच्या सुट्टीत मी डबी पुढं केली.
त्यांनी तंबाखू घेतला नाही,
दाढ घेतली.

सात महिन्यांनी कागद घेऊन परत.
दाढेवर आडव्या बारीक चरा,
वरून खाली, एकीखाली एक,
जशी आपण भिंतीवर पोरांची उंची आखतो.
दोन हजार वर्षं, म्हणाल्या, थोडं इकडंतिकडं.

"पाण्यात ऑक्सिजन असतो सोळा वजनाचा,
आणि क्वचित एखादा अठरा.
ढग घाट चढतो तेव्हा जड ते आधी उतरवतो,
कणकुंबीला, जांबोटीला;
हलकं घेऊन पुढं जातो.
धो धो पावसात अठरा कमीच.
डबकं आटतं तेव्हा सोळा आधी उडतात,
अठरा मागं राहतात."

मला हसू आलं.
हे तर आमच्यात शाळेशिवाय माहीत:
सोळा आणे म्हणजे भरलेलं,
आणि अठराविश्वे म्हणजे काय
ते आमच्या घरात विचारू नये.

कागदावर एक रेघ.
इथं उन्हाळा, वासरू डबक्यावर पितंय, रेघ वर.
इथं पावसाळा, रेघ दरीत.
पुन्हा उन्हाळा.
आणि पुढची दरी जिथं यायला हवी
तिथं रेघ ना वर, ना खाली,
ओळंब्यानं आखल्यासारखी सरळ.

"पाऊस पडला नाही?"
"नसेल पडला. पण मग रेघ चढायला हवी होती."
"मग?"
"खोल पाणी. विहिरीचं असेल.
तिथं सगळी वर्षं एकत्र मुरलेली असतात,
त्याला ऋतू नसतो."
आणि पेन बंद करत:
"एका दाढेवरून एवढंच.
लिहिताना मी 'कदाचित' लिहिणार."

मी दाढ उलटी करून बघितली.
माथा झिजून सपाट, पाट्यासारखा.
बारा वर्षं तरी चघळलंय या जनावरानं.
म्हणजे त्या साली ते मेलं नाही.
म्हणजे कुणीतरी ओढलं.
बैल उन्हाचा चार घागरी पितो, पाचही.
चार घागरी, रोज, वर्षभर,
घरात माणसं तहानलेली असताना.
तो हात काही मातीत सापडलेला नाही.
दोर कुजला. विहीर कुठं, ठाऊक नाही.
राहिली ही सरळ रेघ.
तीही कदाचित.

"काय बघूलास गं एवढं?" निंगव्वा.
तिला सांगितलं, अर्धं तिच्या भाषेत, अर्धं हातांनी.
ती जिभेनं स्वतःची दाढ चाचपत राहिली.
"माझ्या दाढेत काय निघेल?"
मिस रेबेलो म्हणाल्या, "लहानपणी जिथलं पाणी प्यायलात, ते."
"सौंदत्तीकडचं. मलप्रभा."
मी कणकुंबीची. तीच नदी,
माझ्याकडं ओंजळीएवढी.
"रेघ एकच येईल का मग?"
"नाही," मिस रेबेलो म्हणाल्या. "वाटेत ऊन लागतं ना."

शिट्टी झाली.
निंगव्वानं घागरीतलं पाणी घेऊन चूळ भरली,
बराच वेळ गालात धरली,
रोजच्यासारखी थुंकली नाही.
गिळली.